खयसून हाडलंस?

आजी गेली त्याला महिना झाला, त्या दिवशी सांखळीच्या इगर्जीत तिच्यासाठी मिस होती. मिस आटोपून सगळी माणसं आमच्या कारापूरच्या घरी आली, चहा झाला, आणि सावंतवाडीच्या आत्यानं पर्समधून चष्मा काढला. तिला कोणीतरी आपल्या मंडळाचा मागच्या वर्षीचा ई-अंक फोनवर पाठवला होता. त्यात ‘रोसाच्या ओव्या’ या नावानं मी आजीच्या बारा ओव्या दिल्या होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाला किंवा नवरीला नारळाचा रोस लावून न्हाऊ घालतात, तेव्हा बायका म्हणतात त्या. आत्या हळूहळू वाचत होती. वाचताना तिचे ओठ हलत होते, म्हणजे ती मनात गातच होती. चौथ्या ओवीवर ओठ थांबले.

“आयेन कदी ‘नवरी’ म्हटल्यान नाय. ती ‘व्हकल’ म्हणायची. ह्यो शबूद खयसून हाडलंस गो?”

कुठून आणलास हा शब्द? मला उत्तर देता आलं नाही. तो आजीचाच असेल असं मी म्हणू शकत होते, पण मला खात्री नव्हती. खरं सांगायचं तर उलटच वाटत होतं. आमचे आजी-आजोबा सावंतवाडीकडचे. आजोबा खाणीवर कामाला म्हणून इकडे आले आणि कारापूरचेच झाले. आजी शेवटपर्यंत मालवणीत बोलली. मी मात्र सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकले, पुढे इंग्रजी आलं, आणि ‘शुद्ध’ या शब्दाचा माझ्यावर फार पगडा बसला. आजी सांगत गेली तशी मी फोनवर टाइप करत गेले, आणि टाइप करताकरताच ‘सुधारत’ गेले. ‘माटव’चा ‘मांडव’ केला. ‘न्हवरो’चा ‘नवरा’ केला. एवढं मला आठवतं. बाकी काय काय केलं ते आठवत नाही. अंक निघाल्यावर मी तिला सगळं वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, “बरां आसा गो.” आता वाटतं, नातीचं नाव छापून आलं म्हणून ती तसं म्हणाली असेल.

निदान एवढा एक शब्द तरी दुरुस्त करावा, असं मी ठरवलं. ई-अंक आहे, छापील थोडाच आहे? सरांनाही विचारलं. ते म्हणाले, “करून टाक, पाच मिनिटांचं काम.”

आपला अंक कसा बनतो हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. मलाही नव्हतं. मागच्या वर्षी कॉम्प्युटर सायन्सच्या एका सीनियरनं सगळी व्यवस्था लावून दिली होती. प्रत्येक लेख, प्रत्येक कविता एका साध्या फाइलमध्ये. त्याला म्हणायचं सोर्स. मग एक छोटी स्क्रिप्ट चालवायची, ती लाटेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरला कामाला लावते, ते अक्षरं जुळवतं, पानं पाडतं, अनुक्रमणिका करतं आणि शेवटी पीडीएफ बाहेर येते. या सगळ्या प्रक्रियेला म्हणायचं बिल्ड. मी सोर्समध्ये ‘नवरी’चं ‘व्हकल’ केलं आणि लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवली. बराच वेळ काही ना काही डाउनलोड होत राहिलं. मग पीडीएफ आली.

७२ पानांचा अंक ७५ पानांचा झाला होता. अनुक्रमणिका खोटी ठरली. एका मैत्रिणीच्या कवितेची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन पडली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपले मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ जाऊन त्यांच्या जागी हिंदी पुस्तकात असतात तसे ‘ल’ आणि ‘श’ येऊन बसले होते. मी बदलला होता फक्त एक शब्द!

सीनियरला फोन केला. तो आता बाहेर नोकरीला आहे. म्हणाला, “माझ्या लॅपटॉपवर तर व्यवस्थित चालत होतं.” तो लॅपटॉप कुठे आहे? “फॉरमॅट करून भावाला दिला.”

चवथीच्या सुट्टीला माझा मोठा चुलतभाऊ पुण्याहून आला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि त्याचं कामच मुळी बिल्ड सांभाळण्याचं आहे. इतकी वर्षं तो नेमकं काय करतो हे मी कधी विचारलं नव्हतं. शेजारच्या घरी आरत्या चालू होत्या, आम्ही बाल्कांवात बसलो होतो, आणि मी त्याला दोन्ही पीडीएफ दाखवल्या. त्याचा पहिला प्रश्न काय असावा? “कुठल्या सोर्सपासून केलीस? सगळ्यांची व्हर्जन कुठली होती?”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आत्याचाच प्रश्न होता तो.

दादानं स्क्रिप्ट उघडली आणि दोन मिनिटांत दोष दाखवला. फॉन्टच्या पुढे ‘लेटेस्ट’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे स्क्रिप्ट दर वेळी जाऊन त्या फॉन्टची सगळ्यात नवी आवृत्ती घेऊन येत होती. लाटेकच्या पॅकेजांचंही तेच. ज्या दिवशी जी मिळतील ती. “लेटेस्ट ही व्हर्जन नव्हे,” तो म्हणाला. “लेटेस्ट म्हणजे ‘आज जे असेल ते’. तुमचा अंक निघाला तेव्हाचा आज वेगळा होता.” मधल्या काळात फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी किंचित बदलली होती, म्हणून ओळी सरकल्या आणि पानं वाढली. भाषेची व्यवस्था पाहणाऱ्या एका पॅकेजमध्ये बदल झाला होता, म्हणून मजकूर मराठी आहे हे फॉन्टपर्यंत पोचतच नव्हतं. फॉन्ट बनवणाऱ्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी त्यांचं काम पुढे नेलं. आम्ही काय वापरलं होतं ते आम्ही लिहून ठेवलं नाही, हा आमचा दोष.

फॉन्ट हेसुद्धा सॉफ्टवेअरच असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी सांभाळलेला ‘लोहित देवनागरी’ घ्या. त्याचाही सोर्स असतो, त्याच्याही क्रमांक घातलेल्या आवृत्त्या असतात. ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ या शब्दांतला आडवा ‘ऱ्’ नीट उमटतो तो कोणीतरी त्यासाठी नियम लिहिलेला असतो म्हणून. तो नियम एका आवृत्तीत असू शकतो आणि दुसरीत नसू शकतो. आपण ‘फॉन्ट अमुक’ एवढंच लिहितो, तेव्हा अर्धंच लिहितो.

मग यावर उपाय काय? दादा म्हणाला, चार गोष्टी लिहायच्या : नाव, नेमका आवृत्ती-क्रमांक, कुठून घेतलं ते, आणि हॅश. पहिल्या तीन समजायला सोप्या आहेत. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ नावाची एक गणिती रीत आहे. तिला कुठलीही फाइल द्या, एक शब्द द्या की अख्खं बायबल द्या, ती ६४ खुणांची एक ओळ देते. फाइलमध्ये एक काना जरी बदलला तरी ती ओळ पार बदलते. त्यामुळे नाव तेच, क्रमांक तोच, पण आतला माल कोणी बदलला असेल, तर ठसा जुळत नाही आणि चोरी पकडली जाते. प्रोग्रामर लोक ही यादी एका फाइलमध्ये ठेवतात, तिला लॉक फाइल म्हणतात. आपण ज्या गोष्टी थेट मागवतो त्याच नव्हे, तर त्या गोष्टींना लागणाऱ्या गोष्टी, आणि त्यांना लागणाऱ्या, अशी सगळी साखळी तिच्यात उतरवलेली असते.

मला एकदम इगर्जीतलं बाप्तिस्म्याचं बूक आठवलं. मध्यंतरी मला माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. पाद्रीबांनी मोठं रजिस्टर काढलं, पान आणि नोंद शोधली, आईबापांची नावं, पदरीन-मदरीनची नावं, तारीख हे सगळं बघून दाखला लिहिला. त्यांनी मला ओळखायची गरज नव्हती. उद्या ते बदलून गेले आणि दुसरे आले, तरी त्याच नोंदीवरून तोच दाखला निघेल. पुढे कोणाचं लग्न झालं तर ते कळवलं जातं आणि मूळ नोंदीच्या समासात लिहिलं जातं. मूळ नोंद खोडत नाहीत. मी दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “बरोबर. पण रजिस्टरच वाळवीनं खाल्लं तर?”

तसं झालेलं आहे. २०१६ च्या मार्च महिन्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं एक इवलंसं पॅकेज त्याच्या लेखकानं वादातून काढून घेतलं. जेमतेम ११ ओळींचा प्रोग्राम, शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरायचं काम. पण त्याच्यावर दुसरी पॅकेजं अवलंबून होती, त्यांच्यावर तिसरी. जगभर हजारो लोकांचे बिल्ड अडकून पडले. ज्यांच्याकडे यादी होती त्यांच्याकडेही यादीतली वस्तू नव्हती. म्हणून यादी ठेवायची तसंच सोर्सही जपून ठेवायचा. डेबियन ही लिनक्सची एक मोठी, स्वयंसेवकांनी चालवलेली प्रणाली आहे. त्यांनी आपल्या जुन्या पॅकेजांचा २००५ पासूनचा साठा दिवसवार जपला आहे. अमक्या तारखेला काय होतं ते आजही मागता येतं. फ्रान्समध्ये २०१६ साली ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ नावाचं संग्रहालयच सुरू झालं, जगभरातला सोर्स गोळा करून ठेवण्यासाठी. आपण जुन्या पोथ्या जपतो तसं.

हे सगळं ऐकताना माझ्या मनात एक शंका होती, ती मी बोलून दाखवली. एका पानाची कविता पुढच्या पानावर गेली म्हणून कोणी मरत नाही. एवढा खटाटोप कशाला? त्यावर दादानं जी गोष्ट सांगितली ती मी विसरणार नाही.

२९ मार्च २०२४. त्या दिवशी गुड फ्रायडे होता. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं जगाला एक इशारा दिला. त्याचं झालं असं : आपल्या कॉम्प्युटरवर दूरून लॉग-इन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. फक्त अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं. तो मागे लागला आणि ‘एक्सझेड’ नावाच्या, फाइली आवळून लहान करणाऱ्या एका साध्या, सगळीकडे वापरात असलेल्या सॉफ्टवेअरपाशी येऊन पोचला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा ठेवला होता. ‘जिया तान’ या नावानं वावरणारी व्यक्ती दोनेक वर्षं मदत करत करत त्या प्रकल्पाची विश्वासू सहकारी बनली होती, आणि तिनंच हे केलं होतं. ही व्यक्ती कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

आता यातली खरी मेख ऐका. त्या प्रकल्पाचा सोर्स उघड्यावर होता, कोणीही वाचावा. चोरदरवाजाची मुख्य फाइलही त्यात होती, पण चाचणीसाठीचा नमुना म्हणून मुकाट पडून होती. तिला जागं करणारी कळ मात्र उघड्या सोर्समध्ये नव्हतीच. आवृत्ती जाहीर करताना जो गठ्ठा बांधून देतात, फक्त त्या गठ्ठ्यात ती घातलेली होती. सगळ्यांचा समज असा, की गठ्ठा म्हणजे सोर्सचीच बांधलेली प्रत. दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवं, असं वेळेत कोणाच्या मनात आलं नाही. “हा गठ्ठा कुठून आला, नेमक्या कुठल्या सोर्सपासून बांधला, आणि मी बांधला तर तसाच होईल का, एवढेच प्रश्न होते,” दादा म्हणाला. त्या आवृत्त्या सगळीकडे पसरल्या असत्या तर किती कॉम्प्युटरांचं दार उघडं राहिलं असतं याची कल्पना करवत नाही.

म्हणून काही लोकांनी एक वेगळाच आग्रह धरला आहे. त्याला पुनरुत्पादनक्षम बिल्ड असं जड नाव देता येईल, पण अर्थ सोपा आहे. तोच सोर्स, तीच हत्यारं, तीच रीत घेतली, तर कोणीही, कुठेही बिल्ड केलं तरी फाइल अक्षरशः तीच यायला हवी. ठसा ठशाला जुळायला हवा. डेबियनमध्ये हे काम २०१३ मध्ये सुरू झालं. सुरू करणाऱ्यांत ‘लुनार’ या नावानं ओळखला जाणारा एक फ्रेंच प्रोग्रामर पुढे होता. दिसायला सोपं वाटणारं हे काम फार किचकट आहे. बिल्ड केल्याची वेळ फाइलमध्ये कुठेतरी लिहिली जाते, की लगेच फाइल वेगळी. फोल्डरमधल्या फाइली कुठल्या क्रमानं वाचल्या यावरून फरक. कॉम्प्युटरवर कुठली भाषा निवडली आहे यावरून फरक. त्यांनी असे फरक एकेक करून वेचून काढले. वेळेसाठी एक ठरीव संकेत केला, की घड्याळ बघू नका, सोर्समध्ये शेवटचा बदल कधी झाला ती तारीख घ्या. शिवाय डेबियनमध्ये बांधलेल्या पॅकेजासोबत एक बिल्डइन्फो फाइल तयार होते. कुठल्या सोर्सपासून, त्याची आवृत्ती, ठसे, आणि बांधताना कॉम्प्युटरवर कोणकोणती हत्यारं कुठल्या आवृत्तीची होती ते सगळं तिच्यात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लुनार वारला. काम थांबलं नाही. थांबू नये अशाच रीतीनं तर त्यानं ते केलं होतं.

तोपर्यंत मला वाटत होतं, की हे सगळं अविश्वासातून आलं आहे. कोणावर भरवसाच नको म्हणून ही यादी आणि हे ठसे. आता तसं वाटत नाही. नोंद असली की माणसाला आपल्या आठवणीच्या जोरावर उभं राहावं लागत नाही. सीनियरला तरी काय दोष द्यायचा? त्यानं मनापासून काम केलं होतं. फक्त ते काम त्याच्या लॅपटॉपमध्ये आणि डोक्यात राहिलं. लॅपटॉप गेला, तो गेला, आणि आमच्या हातात पीडीएफ राहिली. पदार्थ राहिला, कृती हरवली.

आपण साहित्याचे विद्यार्थी. आपल्याला हे नवीन वाटू नये, कारण पाठचिकित्सेच्या तासाला आपण हेच शिकतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ग्रंथ कुठल्या शकात झाला आणि लिहून कोणी घेतला, ते दिलेलं आहे : शके १२१२, आणि सच्चिदानंदबाबा. पुढे तीनेकशे वर्षांत प्रतींमध्ये पाठभेद शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला, आणि आपण तसं केलं हे तारखेसकट सांगून ठेवलं. मात्र नेमका कुठला शब्द बदलला हे त्यात नाही. म्हणूनच एकनाथांच्या आधीची मानली गेलेली प्रत राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापली, तेव्हा एवढी चर्चा झाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली ती तर मला आता लॉक फाइलच वाटते. १९१९ ते १९६६ इतकी वर्षं काम, १२५९ हस्तलिखितं, प्रत्येक हस्तलिखिताला खुणेचं अक्षर, आणि पानाच्या तळाशी कुठल्या प्रतीत कुठला पाठ ते. संपादकांचा निर्णय पटला नाही तर त्याच तळटीपांवरून तुम्ही वेगळा निर्णय करू शकता.

आणि आपलं ख्रिस्तपुराण? थॉमस स्टीफन्सचा हा ग्रंथ १६१६, १६४९ आणि १६५४ असा तीनदा छापला गेला. त्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांच्या आधारानं. सलढाणांनी १९०७ मध्ये मंगळुरात रोमी लिपीत ते पुन्हा छापलं. लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित आहे. दोन्ही शेजारी ठेवली तर एकीकडे पोर्तुगीज किंवा लॅटिन धर्मशब्द असतो, तिथे दुसरीकडे अनेकदा संस्कृत शब्द दिसतो. यातला स्टीफन्सचा कुठला आणि नंतर कोणी ‘सुधारलेला’ कुठला, यावर अभ्यासक वाद घालत आले आहेत. वर्गात हे ऐकताना मी वही भरून टिपणं काढली होती. त्याच वर्षी फोनवर आजीचं ‘माटव’ खोडून ‘मांडव’ करत होते, आणि या दोन गोष्टी एकच आहेत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तर बदल केल्याचीसुद्धा नोंद ठेवली नव्हती. खाली लिहिलं होतं, ‘सांगणारी – माझी आजी’.

अंकाचं काम आम्ही दोन रात्री बसून मार्गी लावलं. लाटेक दर बिल्डला एक लॉग लिहितं, त्यात वापरलेल्या पॅकेजांची नावं आणि तारखा असतात. सीनियरनं मला कधीतरी पाठवलेल्या झिप फाइलमध्ये तो लॉग सुदैवानं राहून गेला होता. त्यावरून त्या वर्षीचा पॅकेजांचा संच मिळवला. फॉन्टचा आवृत्ती-क्रमांक मात्र कुठेच नव्हता, म्हणून त्याच्या जुन्या आवृत्त्या एकेक लावून पाहिल्या. तिसरीला ७२ पानं आली, मैत्रिणीची ओळ जागेवर गेली, मराठी ‘ल’ परतला. दादानं त्याच्या लॅपटॉपवर आणि मी माझ्या लॅपटॉपवर वेगवेगळं बिल्ड केलं आणि दोघांचे ठसे ताडून पाहिले. पहिल्यांदा जुळले नाहीत, कारण आत वेळ लिहिली जात होती. तारीख ठरवून दिल्यावर ६४ च्या ६४ खुणा जुळल्या. मूळ अंकाच्या फाइलशी ठसा जुळवणं काही जमलं नाही. निदान पानं तरी जुळली. आता अंकाच्या फोल्डरमध्ये ‘नोंद’ नावाची एक फाइल आहे. पुढच्या वर्षी आम्ही नसू तेव्हाही ती असेल.

राहिल्या ओव्या. त्यांचा लॉग कुठे होता? फोनवरची ती टिपणं मी त्यातच खोडून बदलली होती. मग आत्याला आठवलं, की चुलतबहिणीच्या रोसाला तिनं फोनवर थोडं रेकॉर्ड केलं होतं. तिनं ते पाठवलं. ताशांचा आवाज, पोरांचा गोंधळ, आणि मधूनच आजी. बारांपैकी तीन ओव्या त्यात स्वच्छ ऐकू येतात. चौथी नाही. पण दुसऱ्याच एका ओवीत आजी स्पष्ट, दोनदा ‘नवरी’ म्हणते.

म्हणजे तो शब्द माझा नव्हता? की इथे तिचा आणि तिथे माझा? मी ते आत्याला फोनवर ऐकवलं. तिनं दोन वेळा ऐकलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या दिसा भायली माणसां होती मा, म्हणान तसा म्हटल्यान.” बाहेरची माणसं होती, म्हणून तसं म्हणाली. असेलही. शिकलेल्या पाहुण्यांसमोर आजी माझ्यासारखंच करत असेल. विचारायला ती आता नाही.

दुरुस्त अंकात तीन ओव्या रेकॉर्डिंगप्रमाणे अक्षर न् अक्षर दिल्या आहेत. चौथीत ‘व्हकल’ घातला आहे. उरलेल्या आठ जशा होत्या तशाच ठेवल्या, कारण त्यांना मागे नेण्याचा रस्ता माझ्याकडे नाही. आणि खाली ही टीप आहे : ‘ओवी २, ७ व ९ ध्वनिमुद्रणावरून. ओवी ४ मधला “व्हकल” हा शब्द माझ्या आत्याच्या आठवणीवरून. आधी छापलेला शब्द “नवरी”. ध्वनिमुद्रणात आजी अन्यत्र “नवरी” असंही म्हणते. इतर आठ ओव्यांत मी टाइप करताना मालवणी शब्द प्रमाण मराठीत बदलले होते. मूळ शब्द उपलब्ध नाहीत. ही चूक माझी.’

टीप ओवीपेक्षा लांब झाली. सरांनी विचारलं, एवढं कशाला? मी म्हटलं, राहू द्या सर. शेवटी नाव लिहिताना ‘संकलन’ हा शब्द मी काढून टाकला आणि नुसतं ‘टाइप केलं’ असं लिहिलं.

यंदाच्या अंकासाठी ज्यांना आजी-आजोबांकडची गाणी, म्हणी, गोष्टी द्यायच्या आहेत त्यांना एक विनंती आहे. आधी फोनवर आवाज मुद्रित करा. तो जसाच्या तसा एका फोल्डरमध्ये ठेवा, तारीख घाला, त्याला हात लावू नका. मग दुसऱ्या फाइलमध्ये हवं तेवढं शुद्धलेखन करा, पण काय बदललं ते लिहा. आत्या आता प्रत्येक अंक वाचणार आहे.